तक्ता क्रमांक सात

‘सदर प्रबंध विद्यार्थिनीने माझ्या मार्गदर्शनाखाली, विहित मुदतीत, स्वतः पूर्ण केला आहे.’ माझ्या बी.ए.च्या ऑनर्स प्रबंधाच्या दुसऱ्या पानावर हे वाक्य आहे आणि खाली आमच्या सरांची सही आहे. त्यातलं ‘विहित मुदतीत’ अगदी खरं. ‘स्वतः’ बरंचसं खरं. ‘मार्गदर्शनाखाली’ या शब्दापाशी मात्र मी अजून अडखळते. सरांनी ते वाक्य लिहिलंही नव्हतं. पनवेलच्या एसटी स्टँडसमोरच्या टायपिंगवाल्याकडे ते तयार असायचं. विद्यार्थिनीचा विद्यार्थी किंवा विद्यार्थ्याची विद्यार्थिनी करायची, की झालं प्रमाणपत्र.

दुसऱ्या वर्षाला बरे मार्क मिळवण्याची चूक केलेल्या मुलांना आमच्या विभागात शेवटच्या वर्षी एका पेपरऐवजी प्रबंध लिहावा लागे. हा मोठा मान आहे असं नोटिशीत लिहिलेलं होतं. प्रबंध मुदतीत आला नाही तर हॉलतिकीट नाही, असंही त्याच नोटिशीत होतं आणि ते मात्र ठळक अक्षरांत होतं. हॉलतिकीट नाही म्हणजे वर्ष गेलं. आमच्या खाडीकाठच्या गावात मुलीचं एक वर्ष गेलं की पुढचं तिला विचारून येत नसे. माझ्याआधी गावातली कुठलीच मुलगी पदवीपर्यंत पोचली नव्हती आणि सगळ्या आळीचं माझ्याकडे लक्ष होतं. काहींचं कौतुकानं होतं, बाकीच्यांचं कशासाठी होतं ते मला माहीत होतं.

सर वेळापत्रकाचे पक्के होते. जूनमध्येच त्यांनी आम्हाला एक कागद दिला. विषयनिवड अमुक तारखेला, प्रश्नावली तमुक तारखेला, असं फेब्रुवारीपर्यंत सगळं आखलेलं. प्रबंधात काय असावं याबद्दल त्या कागदावर चकार शब्द नव्हता. सर भेटले की विचारत, ‘‘पानं किती झाली?’’ आकडा ऐकून ते समाधानानं किंवा काळजीनं मान हलवत. त्या वर्षी रोडपालीला त्यांच्या नव्या फ्लॅटचं काम निघालं होतं. त्यामुळे माझं पहिलं प्रकरण एका टाइल्सच्या दुकानात तपासलं गेलं. सरांनी बाथरूमसाठी एक फरशी नापसंत केली आणि माझी प्रस्तावना पसंत केली. दोन्हींना त्यांनी सारखाच वेळ दिला.

विषय मी ‘मिठागरातल्या स्त्रिया’ असा घेतला. आमच्या गावाला मोठं मिठागर होतं. न्हावा शेव्याचं बंदर आलं, मागोमाग कंटेनरची गोदामं आली, भराव पडले आणि मिठागर मातीखाली गेलं. माझी आई लग्न होऊन आली त्या वर्षापासून मिठागर बंद होईपर्यंत तिथं राबलेली. सर म्हणाले, ‘‘स्थानिक विषय आहे, चांगला आहे. वाचायला फारसं नसणार.’’ त्यांच्या दृष्टीनं ही विषयाची जमेची बाजू होती.

प्रश्नावली सरांच्या जुन्या नमुन्यावरून केली. आईनं मला घरोघरी नेलं, तिच्याबरोबर काम केलेल्या बायकांसमोर बसवलं आणि स्वतः माझ्याशेजारी अशी बसली की जणू परीक्षा तीच घेणार होती. मी वाचलं, ‘‘आपण आपल्या कामाबाबत समाधानी होता काय? पूर्णतः, अंशतः, की नाही?’’ बायका एकमेकींकडे बघून हसल्या. त्यातली सगळ्यात म्हातारी म्हणाली, ‘‘ह्यो प्रश्न आमाला तवा कोनी इचारला नाय. आता इचारून काय मीठ परत येनार हाय?’’ मी ‘अंशतः’वर खूण केली.

मग मी कागद बाजूला ठेवला आणि त्या आपसूक बोलायला लागल्या. खरं सांगायचं तर माझा प्रबंध त्या दुपारी झाला. पाऊस संपला की मिठागराचे वाफे म्हणजे नुसता चिखल असायचा. तो पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायचा, म्हणजे खारं पाणी खाली मुरत नाही आणि मिठात माती येत नाही. हे तुडवणं बायकांचं. एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून रांगेनं, दिवसच्या दिवस. बांध घालणं, भरतीचं पाणी आत घेणारी झडप, जिला आमच्याकडे उघाडी म्हणतात, ती सांभाळणं, फळीनं मीठ ओढणं ही कामं पुरुषांची. मी विचारलं, ‘‘वाफा तयार झाला हे कसं कळायचं?’’ आई उठून उभी राहिली आणि तिनं जमिनीवर टाच आपटली. ‘‘टाच वाजली पायजे. वाजली नाय तं अजून तुडवायचा. मीठ आमच्या पायात हाय, बाय. बाप्ये नुसतं वडून घ्यायचे.’’ सगळ्या हसल्या. आईच्या टाचा मी जन्मापासून बघत आले होते. त्यांना भेगा कशामुळे पडल्या हे मी त्या दिवसापर्यंत विचारलं नव्हतं, आणि याची मला लाज वाटली.

हे सगळं लिहून मी सरांकडे नेलं. त्यांनी पानं चाळली आणि विचारलं, ‘‘संदर्भ कुठे आहेत?’’

मी म्हटलं, ‘‘आईनं सांगितलंय, सर. आणि गावातल्या बायकांनी.’’

‘‘आई हा संदर्भ होत नाही. मुलाखती परिशिष्टात टाक. किमान दहा संदर्भग्रंथ पाहिजेत आणि प्रत्येक तक्त्याखाली स्रोत पाहिजे.’’ एवढं बोलून ते वायरिंगवाल्याच्या फोनकडे वळले.

कॉलेजच्या ग्रंथालयात मिठाबद्दल शोधलं तर आहारशास्त्राचं एक पुस्तक मिळालं, त्यात मीठ कमी खा असं होतं. ओढूनताणून मी नऊ पुस्तकं जमवली. मिठागरातल्या बायकांवर एकही पुस्तक नव्हतं. ज्यांनी लिहायचं त्यांना तुडवायला कोण होतं हे ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांना लिहिता येत नव्हतं. मुदत जवळ आली होती. मग मी दहावं पुस्तक स्वतःच तयार केलं. लेखिकेच्या जागी आईचं माहेरचं आडनाव घातलं आणि पुढे दोन आद्याक्षरं, आईचं आणि तिच्या वडलांचं. शीर्षक असं दिलं की कुणालाही ते उघडून बघावंसं वाटू नये. प्रकाशन पनवेलमधलंच दाखवलं. सगळ्या तक्त्यांखाली स्रोत म्हणून हेच पुस्तक टाकलं, कारण एका अर्थी ते खरंच होतं.

सरांनी यादीवरून पेन फिरवलं आणि त्या नावापाशी थांबले. सर म्हणाले, ‘‘हे जुनं आहे, पण चांगलं पुस्तक आहे. मी पाहिलंय.’’ आणि त्यावर बरोबरची खूण केली. त्या क्षणी मला विद्यापीठीय शिक्षणाविषयी जेवढं कळलं, तेवढं तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

राहता राहिला टायपिंगवाला. फेब्रुवारीत त्याच्या दुकानात लग्नघराची गर्दी असायची. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, आणि बाकड्यावर नखं खात बसलेले आम्ही. माझे हस्तलिखित निष्कर्ष बघून त्याला माझी दया आली. ‘‘ताई, निष्कर्ष कशाला लिहिलेत? माझ्याकडे तयार आहेत. शासनाने लक्ष द्यावे, जनजागृती व्हावी, सहा-सात आहेत. सगळ्यांना चालतात.’’ मी माझेच ठेवायला सांगितले तर तो नाराज झाला. पण तक्त्यांचं त्यानं मला न विचारता सोपं करून टाकलं. दुसऱ्या कुणाच्या प्रबंधातला तयार तक्ता उचलला आणि वरचे मथळे तसेच ठेवून त्यात माझी कामं भरली. त्या तक्त्यात डावीकडचा रकाना पुरुषांचा होता, माझ्यात डावीकडचा बायकांचा. तक्ता क्रमांक सात, ‘मिठागरातील श्रमविभागणी’. त्यात आता पुरुष चिखल तुडवत होते आणि बायका बांध घालून उघाडी सांभाळत होत्या. खाली स्रोत, माझी आई.

मला हे दिसलं नाही. दिसलं असतं असं म्हणायला मी तो तक्ता वाचायला हवा होता. मी पानं मोजत होते.

मुदतीच्या आदल्या संध्याकाळी पाच बांधलेल्या प्रती घेऊन मी घरी आले. आई ओटीवर कोलंबी सोलत बसली होती. म्हणाली, ‘‘वाच जरा. आमी काय सांगितलाव ता ऐकू दे.’’ मी मोठ्या तोऱ्यात वाचायला लागले. तक्ता सातपर्यंत आले आणि आईचे हात थांबले.

‘‘परत वाच.’’

मी परत वाचलं. वाचताना माझ्याही लक्षात आलं.

‘‘बाप्ये कदी आले तुडवायला? ह्ये बदल.’’

मी तिला समजावलं. पाच प्रती बांधून झाल्या आहेत. बांधलेली प्रत उसवली तर नव्यानं बांधायला दोन दिवस. सोनेरी अक्षरांच्या प्रतीत पेनानं खाडाखोड केलेली सर घेत नाहीत. उद्या बारा वाजता मुदत संपते. वर्ष जाईल. हे सगळं खरं होतं आणि मी ते फार पटकन सांगितलं, हेही खरं.

आईनं वाकून त्या पानाकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘‘खाली कोनाचा नाव हाय?’’

मी सांगितलं, तुझंच, माहेरचं. त्यामागची सगळी युक्तीही सांगितली. मला वाटलं होतं तिला गंमत वाटेल. ती हसली खरी. ‘‘म्हंजे खोटं मीच सांगितलं,’’ ती म्हणाली आणि परत कोलंबी सोलायला लागली. ‘‘र्‍हाऊ दे. तुजा वरीस जायला नको.’’

दुसऱ्या दिवशी बाराला दहा मिनिटं कमी असताना मी प्रती दिल्या. सरांनी एक प्रत हातात तोलून पाहिली, सोनेरी अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि पाचही सह्या न वाचता केल्या. ‘‘वेळेत आणलंस. शाबास.’’

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. इतक्या प्रबंधांतून त्यांनी नेमका माझा तक्ता सात उघडला. मला क्षणभर बरंच वाटलं, कारण चूक कबूल करायची ही संधी होती आणि ती देवानं ताटात वाढून आणली होती. परीक्षक म्हणाले, ‘‘चिखल तुडवण्याचं काम पुरुषांकडे, हे स्वाभाविक आहे. पुरुषाचं वजन जास्त, त्यामुळे दाब जास्त. बरोबर?’’

शेजारी बसलेल्या सरांनी मान हलवली. मी म्हणाले, ‘‘हो सर.’’

विभागात सर्वांत जास्त मार्क मला मिळाले. शेऱ्यात ‘विषयाची शास्त्रीय जाण’ असं लिहिलं होतं. गावात पेढे वाटले. आईनंच वाटले. मी ती गुणपत्रिका अजून जपून ठेवली आहे. तिच्यावरच पुढे एम.ए. झालं, नोकरी लागली. आता मीही मुलांना वेळापत्रकाचा कागद देते आणि पानं किती झाली असं विचारते.

सात-आठ वर्षांनी फेब्रुवारीत दोन दिवसांच्या सुटीवर मी गावी होते. दुपारी एक मुलगी दारात आली. पाठीला सॅक, हातात फाइल. कॉलेजातली होती, मिठागरावर प्रबंध लिहीत होती. मला आनंद झाला. मी तिला पाणी दिलं, आईच्या समोर बसवलं. तिनं फाइलमधून एक प्रश्नावली काढली आणि पेन उघडलं. प्रश्नावली आधीच भरलेली होती. तिला फक्त खाली उत्तर देणारीची सही हवी होती.

आई म्हणाली, ‘‘वाच तरी काय लिवलंय.’’

मुलगी बिचारी घाईत होती, पण वाचायला लागली. चिखल तुडवण्याचं काम कोण करत असे, पुरुष.

‘‘आमी तुडवायचो,’’ आई म्हणाली.

‘‘नाही आजी, पुरुष तुडवायचे,’’ मुलगी समजुतीनं म्हणाली. ‘‘त्यांचं वजन जास्त असतं ना. संदर्भ आहे माझ्याकडे.’’ तिनं एक झेरॉक्स पुढे केली. स्टँडसमोरच्या टायपिंगवाल्यानं तिला दिलेली. तक्ता क्रमांक सात, जशाच्या तसा.

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं विचारलं, ‘‘कोनी लिवलंय?’’ मुलीनं तक्त्याखालचं नाव वाचून दाखवलं, आद्याक्षरांसकट. आई ते कान देऊन ऐकत होती. तिच्या माहेरच्या नावानं तिला इतक्या वर्षांत कुणी हाक मारली नव्हती.

मी म्हटलं, ‘‘ते चुकीचं आहे. तो तक्ता माझा आहे, मीच चुकवलाय. असं कुठलंही पुस्तक नाही. हिनं सांगितलं ते लिही.’’

मुलीनं माझ्याकडे पाहिलं, फाइलकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर तीच भीती होती जी मला चांगली ओळखीची होती. ‘‘मॅडम, प्रत बायंडिंगला गेलीये,’’ ती म्हणाली. ‘‘उद्या बाराला सबमिशन आहे. एवढ्या सह्याच राहिल्यात.’’

मी पुढे काही बोलायच्या आत आईनं हात पुढे केला. ‘‘आन हिकडं. पोरीचा वरीस जायला नको.’’

मुलीच्या सॅकमध्ये शाईचा पॅड होता, अशा घरी लागतो म्हणून आणलेला. प्रश्नावलीच्या तळाला छापलं होतं, ‘वरील माहिती माझ्या अनुभवानुसार खरी आहे.’ आईनं त्याखाली अंगठा उमटवला आणि तो लुगड्याला पुसला. मुलगी आभार मानून चप्पल घालायला गेली. तिला रिक्षा लगेच मिळाली.