मेहुण्याचा वाघ आणि माझी आरशाची लेन्स

आमच्या नेरूळच्या हॉलमध्ये भिंतभर वाघ आहे. मेहुण्याने तोफेएवढ्या लेन्सने काढलेला. फ्रेम एवढी मोठी, की ती वर चढवताना आमची बिल्डिंग थोडी कलली, ती अजून तशीच आहे. त्या वाघाखाली बसून मी वर्षानुवर्षं वरणभात गिळतोय आणि तो माझ्या पापडावर डोळा ठेवून असतो. शेवटी बायकोला विचारलं, "मी खाडीवरचा फ्लेमिंगो काढून आणला, तर वाघ उतरवशील?"

"आणा तर आधी," ती म्हणाली. "मागच्या वेळी गुलाबी डास आणला होतात."

दोष माझा नव्हता, कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सचा होता. त्या लेन्सला समोरच्या गॅलरीतल्या चादरीपलीकडचं जग ठाऊक नाही. म्हणून जुन्या लेन्स विकणाऱ्याकडे गेलो. त्याने दिलेली पहिली लेन्स उचलताना माझी पाठ अशी वाजली, की शेजारच्या दुकानदाराने आपलं शटर तपासलं. दुसरी स्वस्त होती, पण आत बुरशी. आपल्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरतेच, पण हिच्यात चार माणसांची भाजी झाली असती. तिसरी मात्र चहाच्या डब्याएवढी, हलकी आणि माझ्या खिशाला झेपणारी.

"ही एवढीशी लांबचं दाखवेल?"

"आत आरसा हाय ना साहेब. फोकस तेवढा हाताने फिरवायचा. आनि मागे जरा गोल गोल येतं."

"गोल म्हणजे?"

"डिझाइन समजा."

सकाळी खाडीवर पोहोचलो, तर साधारण सगळ्या जगातले फ्लेमिंगो हजर. पहिल्यावर फोकस फिरवायला घेतला. तो उडून कच्छला गेला, मुलांची लग्नं लावून परत आला, तरी मी फिरवतच होतो. अखेर एक म्हातारा एका पायावर झोपलेला सापडला. मागे पाण्यावर ऊन चमचमत होतं. दाबलं बटण.

घरी मोठ्या पडद्यावर बघितलं. पिसन् पीस मोजून घ्यावं असा पक्षी. पण मागच्या पाण्यावरच्या प्रत्येक चमकत्या ठिपक्याचं मधे भोक असलेलं गोल कडं झालेलं. शेकडो कडी, एकाला एक लागून.

बायकोने चष्मा लावला. "मागे हे काय आहे?"

"डिझाइन," मी म्हणालो.

तिने निकाल दिला. वाघ हॉलमध्येच राहील, फ्लेमिंगो स्वयंपाकघरात.

रविवारी मेहुणा आला. फोटोचा वास घेऊन लेन्स ओळखणारा माणूस. पाणी द्यायच्या निमित्ताने त्याला आत नेलं. तो हात मागे बांधून फोटोपुढे उभा राहिला. हसेल, म्हणून मी आधीच तोंड पाडून ठेवलं होतं.

"ताई," तो सावकाश म्हणाला, "आज मेदूवडे केलेत का गं?"

त्याच्या वाघामागे पालींचं एकत्र कुटुंब सुखाने नांदतंय, त्यातल्या एकीलाही तो वाघ वाटलेला नाही. माझ्या फ्लेमिंगोने मात्र जाणकाराला भूक लावली.

बायकोने उडदाची डाळ भिजत घातली. वाघ अजून हॉलमध्येच आहे. आम्ही जेवायला मात्र आता स्वयंपाकघरात बसतो.