राखून ठेवलेली फट

मावशी आधी शर्टांच्या कारखान्यात शिलाई तपासत. दोन तुकडे जिथे जोडले जातात तिथेच कापड दगा देतं, हे त्यांचं एकुलतं एक तत्त्वज्ञान. कारखाना बंद पडला आणि त्या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत तपासनीस म्हणून लागल्या. त्या काळी गेममधली पात्रं नुकतीच कागदासारखी चपटी राहायचं सोडून चहूबाजूंनी गुबगुबीत झाली होती. या कंपनीचा नायक म्हणजे उड्या मारत डोंगर चढणारा बेडूक. मावशींचं काम एकच, त्याला प्रत्येक भिंतीला घासत न्यायचं. दोन भिंतींच्या जोडात फट राहिली असली की बेडूक आरपार जाई आणि जगाखालच्या पांढऱ्या पोकळीत पडतच राही. आठ महिन्यांत मावशींनी चारशे अकरा फटी पकडल्या.

मग गेमच्या शेवटी झळकणारी नावांची यादी तयार झाली. 'तपासणी'समोर नाव साहेबांच्या मेहुण्याचं! या गृहस्थाने आठ महिन्यांत तपासली ती फक्त चहातली साखर.

मावशी तडक साहेबांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, माझं नाव?"

"अहो मावशी, आता या वयात नाव काढून कुणाला दाखवणार?"

"नातवाला. सांगून बसलेय."

साहेब खो खो हसले. तिथेच चुकलं. हसणाऱ्याला मावशींनी माफ केल्याचा इतिहास नाही. लग्नात विहीणबाई एकदा फिस्सकन हसल्या होत्या, तो अबोला अकरा वर्षं चालू होता.

दोनच दिवसांत मावशींना शेवटच्या डोंगरावर, धबधब्यामागे, चारशे बारावी फट सापडली. वहीत त्यांनी ती लिहिली नाही.

पंधरवड्याने गेम विकत घेणारे पाहुणे येणार होते आणि साहेब स्वतः खेळून दाखवणार होते. पण साहेब पहिल्याच पुलावरून धपाधप पडत. शेवटचा डोंगर लांबच राहिला! सगळा सूड साहेबांच्या बटणं दाबणाऱ्या दोन अंगठ्यांत अडकला होता.

"साहेब, मी शिकवू?" मावशींनी आवाजात मध ओतला.

बारा दिवस शिकवणी चालली. "घाई नको, काठ येऊ द्या. हां, आता मारा उडी! शाब्बास!" बळीचा बकरा इतक्या मायेनं कुणी पोसला नसेल. "आणि धबधब्यामागे डाव्या भिंतीला चिकटून चला. पाहणाऱ्याला छान दिसतं."

"मावशी, मन मोठं हो तुमचं," साहेब गहिवरून म्हणाले.

"आहे खरं," मावशी म्हणाल्या.

पाहुण्यांसमोर साहेब झकास खेळले. पूल पार, डोंगर पार, टाळ्यांवर टाळ्या. मग धबधबा, डावी भिंत, आणि बेडूक गडप! पांढऱ्या पोकळीत हातपाय पसरून तो पडत राहिला. एक मिनिट गेलं, दोन गेली.

"हा निघालाय कुठे?" मुख्य पाहुण्यांनी विचारलं. हातातली यादी चाळून त्यांनी मेहुण्याचं नाव खड्या आवाजात वाचलं. "हे तपासणारे कोण?"

मेहुण्याच्या तोंडात बिस्किट होतं. ते ना आत जाई, ना बाहेर येई.

पाहुणे महिन्याची मुदत देऊन गेले. साहेब धावत मावशींकडे आले.

"आजच नाव घालतो तुमचं! पण अशा आणखी किती आहेत?"

"सहा. तुम्हाला शिकवताना दिसल्या."

"कुठे?"

मावशींनी आपली खुर्ची रिकामी केली. "ते यादीतले तपासनीस शोधतील की."

मेहुणा त्या खुर्चीत बसला. संध्याकाळपर्यंत यादी बदलली. मावशींनी पडद्यावर आपलं नाव डोळे भरून पाहिलं, नातवाला फोन केला आणि साहेबांना सांगितलं, "उद्यापासून रोज एक फट दाखवीन. आज मात्र यांना शोधू द्या."

मग चहाचा कप घेऊन त्या मेहुण्याच्या मागे उभ्या राहिल्या.

"डावीकडे, भाऊसाहेब. अजून थोडं. घासा, घासा, लाजू नका."