भोकांभोवती लाल रंग

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी जालन्यात लग्नपत्रिकांच्या एका प्रेसमध्ये डीटीपीचं काम करायचे. बी.ए. झालं होतं, वय बावीस, आणि एका जागी बसणं मला जमत नव्हतं. दिवसभर 'आमचे येथे श्रीकृपेकरून' टाइप करायचं, नावं बदलायची, कोपऱ्यातला गणपती मधे आणायचा. बसल्या बसल्या माझा पाय हलत राहायचा. प्रेसच्या मालकांना आम्ही काका म्हणायचो. ते वैतागून म्हणायचे, "पोरी, टेबल हलून राह्यलं ना. माऊस सरकतो माझा."

दुपारची सुट्टी झाली की मी सायकल काढून निघायचे, कुठंही. एका हिवाळ्यात पत्रिकेचं प्रूफ दाखवायला एमआयडीसीत गेले होते. लोखंडी सळया काढणाऱ्या री-रोलिंग मिलची पाळी सुटत होती. फाटकातून मोटारसायकली बाहेर पडत होत्या, एकेका गाडीवर तिघं. एकाच्या जीनच्या जॅकेटवर पाठभर ससाणा रंगवलेला होता, ट्रकच्या मागं काढतात तसा, खाली कमळांची किनार. गाडी वळली तेव्हा आतला शर्ट दिसला. त्याला सात-आठ भोकं होती, लालबुंद सळईच्या ठिणग्यांनी पडलेली, आणि प्रत्येक भोकाभोवती लाल ऑइलपेंटचा बारीक गोल होता.

मी सायकल आडवी घातली. "हे कुणी केलं?"

तो माझ्याच वयाचा असेल. आधी घाबरला, त्याला वाटलं मी तक्रार करणार. मग म्हणाला, "भोकं भट्टीनं केली, ताई. रंग मी दिला. पाठीवरचा पक्षी शहागडच्या पेंटरचा हाय."

असे ते सहा-सात जण होते. मानेपर्यंत केस, एका कानात तारेची बाळी, कमरेला मोटारसायकलच्या जुन्या चेनचा पट्टा. कॉलेजातली मुलं त्यांना भंगार गँग म्हणायची आणि त्यांना ते नाव आवडलं होतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या मराठीच्या सरांकडे त्यांच्या तरुणपणातली अनियतकालिकं होती, सायक्लोस्टाइल केलेली, कवितांची. मला तसंच काढायचं होतं, पण कपड्यांचं. प्रेसमध्ये येणाऱ्या मासिकांत कपड्यांचे फोटो असत, पण त्यातल्या कुणालाच घाम आलेला नसे. आमच्या गावातली ही पोरं कुठल्याच पानावर नव्हती.

पुढच्या रविवारी एसटीनं अंबडवरून शहागडला गेले. पेंटर हायवेच्या कडेला एका टायरवर बसून ट्रकच्या फाळक्यावर मोर काढत होता. साठीचा माणूस, दाढीत पांढरा आणि पिवळा असे दोन्ही रंग. मी जॅकेटचं विचारलं तर हसला.

"वो मिलवाले छोकरे? मैं बोला, कपडे पे रंग तडकता है. सुनते न्हाई. मंग मैं तेल कम किया."

मी त्याला अंकासाठी वहीत चिकटवलेली नमुन्याची पानं दाखवली. प्रत्येक पानावर कॉम्प्युटरमधली तयार चौकट होती, पत्रिकेला वापरतो तीच. त्यानं पान लांब धरून पाहिलं.

"ये शादी का कार्ड है, बेटी." मग कुंचला पुसून त्यानं माझ्याच वहीत एका दमात किनार ओढली, पाकळी, ठिपका, पाकळी. "पहले बॉर्डर बनाने का. हात से. मंग अंदर का काम बराबर बैठता है."

त्याचं नाव छापू का, विचारलं तर नको म्हणाला. "हात का फोटो निकाल."

मंगळवारपासून मी काकांच्या परवानगीनं जेवणाच्या सुट्टीत पानं लावायला बसले. बसले म्हणजे काय, उभीच होते. कात्री, गोंद, ट्रेसिंग पेपर, काळं पेन. उसन्या कॅमेऱ्यानं काढलेले फोटो झेरॉक्सवर टाकले तर नुसते काळे डाग. पेंटरचा हात कोळशासारखा आला, भोकं तर गायबच. मग सगळे फोटो फेकले आणि शर्ट, बाळ्या, पट्टे हातानं काढायला घेतले. नाव आठ वेळा बदललं. शेवटी ठरलं, 'भोकं'. काका म्हणाले, "हे नाव घेऊन दुकानात काय मागायचं लोकांनी?" मी म्हटलं, दुकानात ठेवणारच नाही.

घाईत मी डमी, म्हणजे घडीचा नमुना, न करताच सोळा पानं छापली. घडी घातली तर पाचव्या पानासमोर बारावं. पेंटरचा हात उलटा, आभाळाकडं. काकांनी कोरा कागद घेऊन घडी घातली, पेन्सिलनं आकडे टाकले, उलगडून माझ्यापुढं ठेवला आणि जेवायला गेले. सगळा गठ्ठा रद्दीत टाकून मी पुन्हा सुरुवात केली.

त्यातलीच एक चुकलेली प्रत मी घरी नेली होती, ती बाबांच्या हाती लागली.

बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. आमच्या वस्तीतले पहिले. त्यांचा पांढरा शर्ट रोज इस्त्रीचा असायचा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. मी घरी आले तेव्हा ते ओट्यावर बसले होते, प्रत मांडीवर. शुद्धलेखनाच्या चुका त्यांनी लाल पेनानं दुरुस्त केल्या होत्या. वर पाहिलं नाही.

"फाटक्या कपड्यांचं पुस्तक करून राह्यली व्हय?"

"बाबा, फाटके नाहीत ते. म्हणजे आहेत, पण..."

"माझ्या बापानं जन्मभर फाटकंच घातलं. दुसऱ्यानं टाकलेलं. मी सातवीपर्यंत दुसऱ्याच्या पोराची चड्डी घालून शाळेत गेल्तो, मागं दोन भोकं. पोरं बोट घालायची त्यात." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "अन् तू त्याला रंग देती?"

आई आतून "जेवून घ्या" म्हणाली, तर कुणी उठलं नाही.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस वाईट गेले. अनियतकालिक बंद करावं वाटायचं आणि संध्याकाळी पुन्हा कात्री हातात यायची. शेवटी मिलच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन मी त्या ससाण्याच्या जॅकेटवाल्या पोराला गाठलं. बाबा काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं, "तू का रंगवतोस?"

त्यानं बशीतला चहा संपवला.

"तुमचे वडील खरं बोलले. पण त्यांची भोकं दुसऱ्यानं दिली. माझी मी कमावली. नवा शर्ट घातला की सांजच्याला भोक पडतंच. लपवून लपवून किती लपवायचं? एक दिस लाल डबा दिसला, दिला फासून."

घरी येऊन मी बाबांना तेही जसंच्या तसं सांगितलं. ते "हं" म्हणाले. मी म्हटलं, "मधली दोन पानं तुम्हाला देते. काय वाटतं ते लिहा. मी एक अक्षर बदलणार नाही."

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फुलस्केप माझ्यापुढं ठेवला. फळ्यावरचं असावं असं अक्षर. पहिली ओळ होती, 'मला हे पटत नाही.' खाली त्यांनी पहिल्या पगारात शिवलेल्या शर्टाची गोष्ट लिहिली होती. शिंप्यानं माप घेताना टेप अंगाला लागू न देता हवेत धरला होता, आणि तरी शर्ट नीट बसला होता. हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. मी चित्र काढायला त्यांनी जपून ठेवलेला तो शर्ट मागितला तर म्हणाले, थांब. आधी इस्त्री गरम केली, कॉलर दाबली, बाह्यांची घडी बसवली, मग हँगरला लावून खिडकीत टांगला आणि स्वतः बाजूला सरकले.

मधल्या दोन पानांवर डावीकडं बाबांचं अक्षर आणि उजवीकडं तो शर्ट गेला. भोवती पेंटरची किनार. मी किनार जरा बारीक केली. एवढं सोडलं तर त्या पानांना हात लावला नाही.

अंक निघाला. मी प्रती मिलच्या फाटकावर, कॉलेजच्या पायऱ्यांवर आणि टपरीवर वाटल्या. कॉलेजात काही जणांनी त्यात भजी बांधली. एका मुलीनं मात्र दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं, शर्ट हवेत मापला ती गोष्ट खरी आहे का? मी हो म्हटलं. पेंटरला प्रत नेऊन दिली, तर त्यानं स्वतःच्या हाताचं चित्र पाहून "उंगली मोटी बनाई" म्हटलं आणि प्रत रंगाच्या पेटीत ठेवली. बाबा घरी येणाऱ्या मास्तरांना मधलं पान उघडून दाखवायचे आणि बाकीची पानं अंगठ्यानं दाबून धरायचे.

त्याच मिलवाल्या पोरानं मला त्याच्या घरी नेलं, आईला अंक दाखवायला. तिला वाचता येत नव्हतं. म्हणाली, "वाचून दाखवा." मी सगळं वाचलं. वाचून झाल्यावर तिनं पोराकडं न बघता मला विचारलं, "मंग माझं कुठंय?"

मला कळलं नाही.

तिनं दोरीवरचा शर्ट ओढला आणि उलटा करून माझ्यापुढं धरला. पुढून लाल गोल, पण पाठीकडच्या सगळ्या भोकांना बारीक रफू होतं, इतकं साफ की बोट फिरवल्याशिवाय कळत नव्हतं. "पुढची हा रंगवतो. जॅकेटखाली जी दिसत न्हाईत ती माझ्याकडं टाकतो. भट्टीपुढं उघड्या पाठीनं जाईल का? ते न्हाई लिहिलं तुम्ही."

तो पोरगा बाहेर जाऊन मोटारसायकल पुसू लागला. इतक्या खेपा घातल्या, इतकी पानं फाडली, आणि शर्ट उलटा करून बघायचं मला सुचलं नव्हतं.

मी म्हटलं, दुसरा अंक तुमचाच. तिनं मला जवळ बसवून सुईत दोरा ओवून दिला आणि भोकाच्या कडेनं कसं जायचं ते दाखवलं. मी चार टाके घातले, पाचवा ओढताना कापड चुरगळलं. तिनं ते उसवलं. "तुम्हाला लई घाई," ती म्हणाली, रागानं नाही. मी आणखी तीन रविवार गेले आणि तिच्या हातांची चित्रं काढली.

उन्हाळ्यात तो पोरगा पुण्याकडच्या एका कारखान्यात लागला आणि आईलाही घेऊन गेला. मला औरंगाबादला जाहिरातीच्या ऑफिसात काम मिळालं आणि मी एका आठवड्यात सामान बांधलं. दुसऱ्या अंकाची सहा पानं तयार होती. मी काकांना म्हटलं, दिवाळीत येऊन पुरी करते. त्या दिवाळीत मी आले नाही, आणि त्याच्या पुढच्या वर्षी त्या पोराच्या घरी गेले तर तिथं दुसरंच बिऱ्हाड होतं. शेजाऱ्यांना त्यांचा पत्ता विचारला. कुणाकडंच नव्हता.