काट्यावरचं नेट बंद

देवळीच्या रस्त्याला लागून असलेल्या एका जिनिंग कारखान्यात रोशनी वजनकाट्यावर बसते. कापसाची गाडी काट्यावर चढली की शेतकऱ्याचं नाव, गाव आणि गाडीचा नंबर कॉम्प्युटरमध्ये टाकायचा आणि वजन आलं की पावती खिडकीतून बाहेर द्यायची, हे तिचं काम. अडचण एकच. रोशनीला ऐकू येत नाही. नाचणगावच्या शाळेत सहावीत असताना तिला मेंदूज्वर झाला. ताप उतरला आणि कान घेऊन गेला. बोलणं मात्र राहिलं, जरा मोठ्यानं आणि सपाट.

तिनं स्वतःच एक सोय शोधून काढली होती. बोललेलं टाइप करून दाखवणारी एक वेबसाइट तिला सापडली. खिडकीच्या गजाला तिनं छोटा माइक बांधला. शेतकरी बोलायचा आणि त्याचे शब्द स्क्रीनच्या कोपऱ्यात उमटायचे. वऱ्हाडी ऐकून यंत्र कधी कधी भलतंच काही लिहायचं, पण नाव-गाव नीट कळायचं. आगीच्या भीतीनं जिनिंगमध्ये कामगारांचे मोबाइल गेटवर जमा होतात, त्यामुळे त्या कॉम्प्युटरवाचून तिला दुसरा इलाज नव्हता.

पण कॉम्प्युटर तिच्या एकटीचा नव्हता. संध्याकाळच्या पाळीला त्याच खुर्चीत वैभव बसायचा. पासवर्ड दोघांचा एकच, मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. ऐन हंगामात कोणीतरी त्यावर फुकटची क्रिकेट मॅच लावली, कशावर तरी क्लिक केलं आणि अख्खा कॉम्प्युटर बंद पडला. हातानं पावत्या लिहिता लिहिता सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला. "मी नाई लावली," असं वैभव म्हणाला. लावली कोणी, हे शोधायला मार्ग नव्हता. मग वर्ध्याहून माणूस आला, कॉम्प्युटर दुरुस्त झाला आणि जाता जाता त्यानं मॅनेजरच्या सांगण्यावरून नेटही बंद करून टाकलं.

सकाळी रोशनीनं वेबसाइट उघडली, तर स्क्रीनवर फक्त लाल चौकट. ती काट्याचे सुपरवायझर बंडूजी यांच्याकडे गेली. बंडूजी तोंड उघडून सावकाश बोलायचे, म्हणून त्यांचे ओठ तिला वाचता यायचे.

"साहेबायनं सगळ्यायचंच बंद केलं. मी काय करू?"

"पण मले कामच करता येत नाई न, बंडूजी!"

"साहेबायले सांग."

मॅनेजर धनंजयसाहेब केबिनमध्ये मोबाइलवर काहीतरी पाहत होते. रोशनीनं साइट चालू करून मागितली, तर त्यांनी मान वर न करताच उत्तर दिलं.

"साहेब, माह्याकडं पाहून बोला. मले तुमचे ओठ दिसून नाई राह्यले."

त्यांनी वैतागून समोरचा कागद ओढला आणि लिहिलं, 'एकाला दिलं की सगळे मागतील.'

"मी मॅच पाहत नाई साहेब. मी तुमचेच शेतकरी ऐकतो त्याच्यात."

साहेबांनी त्याच ओळीखाली पेनानं एक रेघ ओढली आणि कागद तिच्याकडे सरकवला.

रोशनी खिडकीत परतली. रुई उडते म्हणून काट्यावर येणारा जो तो तोंडाला दुपट्टा गुंडाळून असतो. आता ती खुणेनं दुपट्टा खाली करायला सांगायची. कोणी करायचा, कोणी चिडायचा. आणि दुपट्टा काढला तरी काय? प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. एके दिवशी भैयाजी बोरे यांची गाडी तिनं भैयाजी मोरे यांच्या नावावर चढवली. म्हातारबुवा गावी पोचले, नातवानं पावती वाचली आणि ते तसेच उलट्या पावली आले.

"माहा कापूस दुसऱ्याच्या नावानं? ऐकू येत नाई तर बसते काऊन इथं?" हे त्यांनी जवळ येऊन, बोट नाचवत म्हटलं. नेमकं हेच वाक्य तिला एका फटक्यात वाचता आलं.

पावती दुरुस्त झाली. पण त्या रात्री ती जेवली नाही. आई शोभाबाईनं ताट पुढं केलं, तर ती म्हणाली, "चूक माही नाई, आई. मले मुद्दाम बहिरं केलं यायनं."

दुसऱ्या दिवसापासून तिनं अंदाज करणं सोडलं. खिडकीवर पाटी आणि खडू ठेवला. नाव-गाव लिहून द्या, मगच नोंद. ज्याला लिहिता येत नव्हतं त्यानं मागच्याला बोलवायचं. दुपारपर्यंत गाड्यांची रांग गेटाबाहेर रस्त्यावर गेली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते. ते तिला ऐकू येत नव्हते, पण खिडकीची काच थरथरत होती. बंडूजी हात जोडून म्हणाले, "लवकर कर, बाई." ती खडू पुढं करत राहिली.

शेवटी धनंजयसाहेब स्वतः खाली आले. यावेळी ते तिच्याकडे बघून बोलले. "हे काय लावलं आहेस?"

"मले वेगळा पासवर्ड द्या. तेवढी एकच साइट चालू करा. माह्या नावावर काही दुसरं उघडलं तर मले काढून टाका."

साहेबांनी एकदा रांगेकडे पाहिलं आणि वर्ध्याच्या माणसाला फोन लावला.

वेगळा पासवर्ड मिळाला, साइट सुरू झाली, पण आनंद फार टिकला नाही. वैभवनं तिच्याशी बोलणं टाकलं. "तुयासाठी चालू अन् आमच्यासाठी बंद," एवढंच एकदा म्हणाला. वर्ध्याचा माणूस कॉम्प्युटरला हात लावून गेला की दर वेळी तिची साइट पुन्हा बंद व्हायची, आणि दर वेळी नव्यानं तोच अर्ज लिहून द्यावा लागायचा. शेवटी अर्ज लिहिणं तिनं सोडून दिलं. आता ती सरळ केबिनच्या दारात जाऊन उभी राहायची आणि साहेब वर्ध्याला फोन लावेपर्यंत हलायची नाही.

हंगाम संपला तेव्हा धनंजयसाहेबांनी विचारलं, "पुढच्या साली येशील ना?"

रोशनीनं गजाचा माइक सोडवून पिशवीत टाकला.

"पहिल्या दिवशी साइट चालू दिसली तर बसीन," ती म्हणाली. "नाई तर दुसरी पाहा."

आणि घरी जायला पुलगावच्या बससाठी ती रस्त्यावर जाऊन उभी राहिली.