हाक न मारता चालणारं मशीन

फोन आला तेव्हा मी ओटा पुसत होते. सिद्धेश्वरच्या वाचनालयातले एक कार्यकर्ते बोलत होते. "जयभीम काकू… सर खुर्चीत बसल्या बसल्या कलंडले. आमी उठवून राहिलो, पण उठून न्हाई राहिले…" सकाळीच हे जवळा बाजारहून तिथला जुना कॉम्प्युटर नीट करायला गेले होते. निवृत्तीनंतर माणूस घरात बसतो म्हणतात. आमचे शिक्षक महाशय निवृत्त झाले आणि घरात सापडायचेच बंद झाले. काही आठवडे झाले त्या फोनला. अजून दुपारी ओटा पुसताना माझा हात थांबतो.

आमच्याकडे बहुतेकांची मशिनं जुनी. पेन ड्राइव्हमधून व्हायरस यायचे, आणि मशीन चालवणारी नवी सिस्टीम घ्यायची तर मशीनही नवं लागायचं. म्हणून ह्यांनी लिनक्सचा नाद धरला. फुकट, कुणीही वापरावी आणि वाटावी अशी मोकळी सिस्टीम. पण तिच्या तऱ्हा ढीगभर. अंगणवाडीच्या बाई, बचत गटातल्या बायका विचारायच्या, "सर, आमाला झेपंल अशी कोणती?" त्याचं उत्तर शोधायला ह्यांनी मला बसवलं. तोवर मी कॉम्प्युटरवरची फक्त धूळ पुसली होती.

परीक्षा अशी, की मी पत्र लिहायचं, साठवायचं, लेकीचे फोटो बघायचे आणि मशीन बंद करायचं. हे पलीकडच्या खोलीत. मी अडले आणि "अहो" म्हणून हाक मारली, की हे उठून येणार आणि वाटीत एक चिंचोका टाकणार. ज्या सिस्टीमची वाटी रिकामी, ती सोपी! एकीत लिहिलेलं पत्र कुठं गेलं ते आजतागायत कळलेलं नाही. एक दिसायला देखणी, पण आमच्या मशीनवर धापा टाकायची. एकीत बंद करायचं बटणच सापडेना. वाट्या भरत गेल्या आणि हे वैतागले.

"तू मुद्दाम हाका मारून राहिलीस."

"मारते. तेवढ्यानं तरी इकडं येता."

मला वाटलं हसतील. पण म्हणाले, "मी नसलो तरी तुझं अडाया नको, एवढंच पाहून राहिलो."

"काहून नसाल?" मी विचारलं. ते पुढची सिस्टीम चढवायला बसले.

शेवटी एक मिळाली. मेनू खाली डाव्या कोपऱ्यात, अक्षरं ठसठशीत, मराठी टायपिंग आधीच बसवलेलं. त्या दिवशी मला एकदाही हाक मारावी लागली नाही. मग तीच ह्यांनी गावभर बसवली. "काकूंला जमली, म्हणजे कुणालाबी जमंल," असं सगळ्यांना सांगत फिरले. हे माझं कौतुक होतं की फजिती, ते विचारायचं राहून गेलं.

आता मी रोज मशीन लावते. हा लेखही त्यावरच टाइप केला, संपादकांना मेलही मीच करेन. घर इतकं गप्प असतं, की पंख्याचा आवाज सोबतीला वाटतो. परवा अपडेटची खूण दिसली आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आता अडेल, कुणाला तरी बोलवावं लागेल, ते येऊन बसतील, चहा घेतील… पासवर्ड टाकला, बटण दाबलं. सगळं आपलं आपण झालं. मी पलीकडच्या खोलीकडं बघत बसले.

इतकं सोपं करायला नको होतं, अहो.