आठव्या दिवसाचं पत्रक

आमच्या आरोग्य केंद्रात तिला नावानं कुणी ओळखत नसे. सगळ्या आयांच्या तोंडी ती मुंगीबाई. दुसऱ्या नर्स टोचताना मुलांना म्हणायच्या, "काही नाही होत हं, काही नाही." ही म्हणायची, "मुंगी चावणार. जोरात चावणार. रडायचं तर रड, पण हात हलवू नकोस." आणि गंमत अशी, की मुलं हिच्याकडे कमी रडायची. मी औषधांच्या खिडकीत बसतो. माझी खिडकी आणि तिचं टेबल यांच्यात चार हातांचं अंतर. अठरा वर्षं तिचं बोलणं माझ्या कानावर पडत आलंय.

ठेंगणी, अंगानं भरलेली, पण चालायला लागली की बरोबरच्याला धाप लागायची. नवरा बसवर ड्रायव्हर, मुलगी शिकायला लांब. तिचा खरा जीव लशींच्या फ्रिजवर. वीज गेली की आम्ही पंख्याकडे बघायचो, ती फ्रिजकडे. त्यात कुणी पाण्याची बाटली ठेवली की त्याची धडगत नसे. एकदा मोठ्या साहेबांचीच बाटली तिनं बाहेर काढून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि म्हणाली, "साहेब, ही टोचता येत नाही."

समोरच्या गल्लीत एक छापखाना होता. पुढच्या खोलीत यंत्र, मागच्या खोलीत संसार. छापखानेवाला तिशीचा, चष्मा कपाळावर, नखांत कायमची शाई. जवळच्या गिरणीतल्या खोक्यांची लेबलं छापायचा. एखादी वेलांटी चुकलेली दिसली तर छापून झालेला सगळा गठ्ठा रद्दीत टाकेल, असा माणूस. बायको कपडे शिवायची. मुलगा दीड वर्षाचा, मुलगी नुकतीच झालेली, महिन्याची.

मुलाला गोवराच्या लशीचा दुसरा डोस मुंगीबाईनंच टोचला. आठव्या दिवशी त्याला ताप भरला आणि दुपारी आईच्या मांडीवर आकडी आली. डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले. दोनेक मिनिटांत सगळं थांबलं, पण त्या दोन मिनिटांत बापाचं अर्धं आयुष्य संपलं. मुलाला उचलून तो अनवाणी केंद्रात आला. आमच्या डॉक्टरांनी तपासलं, ताप उतरवला, मोठ्या दवाखान्यात एक दिवस ठेवायला पाठवलं. मूल बरं झालं. पण छापखानेवाल्यानं विचारलं, "हे लशीमुळे झालं का?" तेव्हा डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "लशीचा काही संबंध नाही."

मुंगीबाई टेबलाशी होती. तिनं ते ऐकलं. त्या दिवशी डबा तसाच घरी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर. एकटीनं जायचं धाडस होत नाहीये." आम्ही छापखान्यात गेलो. यंत्र बंद होतं. मुलगा मागच्या खोलीत दोऱ्याची रिळं लोळवत होता.

"दादा," ती उभ्यानंच म्हणाली, "काल डॉक्टर म्हणाले संबंध नाही. संबंध असू शकतो. ह्या लशीनं आठव्या दिवसाच्या आसपास ताप येतो. तापातून क्वचित आकडी येते."

तो तिच्याकडे वळला. "तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"ताप येईल एवढं सांगितलं. आकडीचं सांगितलं की आया घाबरतात, म्हणून सांगायचं नाही, असं आम्हाला शिकवलंय. मीही तेच करत आले. चुकलं माझं."

मागच्या खोलीतून शिलाईयंत्राचा आवाज थांबला. छापखानेवाला म्हणाला, "तुम्ही जा आता." आवाज चढवला नाही त्यानं, पण आम्ही निघालो.

आठवड्याभरात गिरणीच्या फाटकावर पत्रक वाटलं गेलं. वर मोठ्या ठशात 'आठव्या दिवशी काय झालं'. खाली घडलं तसं सगळं, कुठंही मीठमिरची नाही. शेवटी एकच वाक्य: 'जे आपल्यापासून लपवतात, त्यांच्या हातात आपलं मूल द्यायचं का?' मी ते दोनदा वाचलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

पुढच्या टोचणीच्या दिवशी चाळीस मुलं यायची तिथं नऊ आली. त्या पुढच्या वेळी सात. गल्लीतल्या बायका मुंगीबाईला बघून पलीकडच्या बाजूनं जायला लागल्या.

मोठे साहेब खवळले. त्यांचा बेत तयार होता. ज्यांनी लस घेतली नाही त्या आईबापांची नावं केंद्राच्या दारावर लावायची आणि बालवाडीला सांगून त्यांची मुलं घ्यायची बंद करायची. मुंगीबाईनं ऐकून घेतलं.

"साहेब, नावं लावलीत तर उद्या ती माणसं मला दार उघडणार नाहीत. मला दार उघडं पाहिजे."

"मग तू काय करणार?"

"त्यांना जे सांगितलं नाही ते सांगणार. सहा महिने द्या."

साहेबांनी तीन दिले.

ती चार दिवस पुस्तकं घेऊन बसली. हातानं दोन पानं लिहिली आणि मला घेऊन थेट छापखान्यात गेली. मी म्हटलं, "अहो, गावात दुसरे छापखाने नाहीत का?" ती म्हणाली, "आहेत. पण ते चुका काढणार नाहीत."

छापखानेवाल्यानं पानं घेतली, चष्मा डोळ्यांवर ओढला. पहिलीच ओळ अशी होती: 'ही लस टोचल्यावर साधारण आठव्या दिवशी ताप येऊ शकतो. तीन-चार हजार मुलांमागे एखाद्याला तापातून आकडी येते.' त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे सगळ्यात वर ठेवणार?"

"सगळ्यात वर."

"साहेबांना चालेल?"

"त्यांना अजून दाखवलं नाही."

तो पहिल्यांदा किंचित हसला. मग पेन्सिल घेऊन बसला. आकडी आली तर काय करायचं, मुलाला कुशीवर कसं वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठायचा, हे त्याला पटलं. पण गोवराच्या आकड्यांवर तो अडला. हजार मुलांना गोवर झाला तर पन्नासेकांना न्यूमोनिया होतो, एक ते तीन दगावतात, असं तिनं लिहिलं होतं.

"हे कुठून आणलं? माझी खात्री पटल्याशिवाय मी छापणार नाही."

तिनं पिशवीतून पुस्तकं काढून यंत्रावर ठेवली. "ठेवून घ्या. वाचा."

त्यानं दोन दिवस वाचली. तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा आकडे तसेच होते, पण 'कृपया घाबरू नका' ह्या ओळीवर काट मारलेली होती.

"घाबरायचं की नाही ते लोक ठरवतील," तो म्हणाला.

"बरोबर आहे. काढा."

"आणि हे घाला: टोचायचं की नाही, हा निर्णय आईबापांचा."

मला वाटलं, आता बिनसलं. मुंगीबाई खुर्चीवर बसली, गुडघे दाबले आणि म्हणाली, "घाला. पण त्याच्या खाली माझं एक वाक्य. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देत नाहीत. त्या बाळाला आजूबाजूच्या मुलांनी घेतलेली लसच सांभाळते. तुमच्या निर्णयात शेजारचं बाळही आहे."

छापखानेवाल्यानं मागच्या खोलीकडे पाहिलं. मुलगी तेव्हा तीन महिन्यांची झाली होती, शिलाईयंत्राशेजारी दुपट्यावर पालथी पडायची खटपट करत होती. त्याची बायको दारात उभी होती.

"ते वाक्य ठळक छापा," ती नवऱ्याला म्हणाली.

पत्रकाच्या तळाशी मुंगीबाईनं स्वतःचा फोन नंबर घातला.

लोकांनी ते लगेच डोक्यावर घेतलं नाही. गिरणीच्या जेवणाच्या हॉलमध्ये सभा ठेवली, तिथं ती उभी राहिली आणि प्रश्नांची सरबत्ती झाली. एक निवृत्त मुकादम म्हणाले, "आमच्या वेळी गोवर सगळ्यांना यायचा. काय झालं आम्हाला? बघा, सगळे बसलोय इथं."

मागच्या बाकावरून लॉन्ड्रीवाली आजी बोलली. "जे नाही राहिले ते कसे येऊन बसतील, बाबा? माझ्या पाठचे दोघं एकाच आठवड्यात गेले. आईनं एकाच पेटीत दोघांचे कपडे ठेवले होते. ती पेटी मी अजून उघडलेली नाही."

मुकादम खाली बसले. एका तरुण बापानं विचारलं, "सिस्टर, माझ्या मुलाला काही होणार नाही, अशी खात्री देता?"

"नाही देत," ती म्हणाली. "काही झालं तर मी येईन, ही खात्री देते."

आणि ती जायची. कुणाचा आठव्या दिवशी ताप आल्याचा फोन आला की हातातलं काम संपवून निघालीच. कुणाकडे तासभर बसली, कुणाकडे थर्मामीटर लावून चहा पिऊन आली. सात मुलांची चौदा झाली, चौदाची बावीस. तीन महिने संपले. साहेबांनी नोंदी बघितल्या, आणि नावं लावायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

मग गोवर आला. कालव्यापलीकडच्या वस्तीत आधी दोन मुलं, मग अकरा. त्यातली तिघं मोठ्या दवाखान्यात. बातमी आमच्याकडे पोचायला एक दुपार पुरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्राचं कुलूप काढायला आलो, तर रांग पायऱ्यांपासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून सायकलच्या दुकानापर्यंत. मुकादम नातवाला खांद्यावर घेऊन आले होते. बऱ्याच जणांच्या हातात मुंगीबाईचं घडी घातलेलं पत्रक. मुंगीबाई आली, रांग बघितली, बाह्या सरसावल्या. घाई मात्र केली नाही. प्रत्येक आईला तेच सांगत होती: ताप येईल, आठव्या दिवशी लक्ष ठेवा, आकडीची शक्यता थोडी आहे, आली तर असं करा. शेवटी विचारायची, "टोचू?" आणि आईनं मान हलवली तरच सुई उचलायची. दुपारी लस संपली. जिल्ह्याच्या भांडारातून दुसरा डबा मागवावा लागला. एकशे चौदा मुलं झाली. मी तापाचं औषध वाटून वाटून थकलो. ती जेवलीसुद्धा नाही.

रांगेत शेवटी छापखानेवाल्याची बायको होती. मुलीला कालच नऊ महिने पूर्ण झाले होते. नवरा तिच्या मागे, तोंड सुकलेलं.

"वहिनी, भावाला आकडी आली होती म्हणून हिला यायची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त," मुंगीबाई म्हणाली. "हे मी सांगायलाच हवं."

"सांगितलंत. आता माझं ऐका," ती म्हणाली. "सातव्या दिवसापासून तुम्ही रोज आमच्याकडे यायचं. आठव्या दिवशी दुपारी तर हलायचंच नाही."

"हलणार नाही. दादा, तुमचं काय?"

छापखानेवाल्यानं मुलीचा दंड स्वतः धरला. "टोचा," तो म्हणाला.

आठव्या दिवशी अकरा वाजता ताप चढला. मुंगीबाई शिलाईयंत्राच्या स्टुलावर बसली होती. छापखानेवाला हातात घड्याळ घेऊन भिंतीला टेकला होता, आणि दर पाच मिनिटांनी विचारत होता, "किती?" ती आकडा सांगायची. बायको ओल्या फडक्यानं मुलीचे हातपाय पुसत होती. एकशे एक, एकशे दोन. तिघांपैकी कुणी जेवलं नाही. साडेतीनला ताप चढायचा थांबला, पाचला उतरू लागला. मुलीनं डोळे उघडले, मुंगीबाईच्या हातातला थर्मामीटर ओढला आणि तोंडात घालायला बघू लागली. छापखानेवाला तिथंच जमिनीवर बसला आणि दोन्ही हातांत तोंड घेऊन रडला. मग उठून यंत्र सुरू केलं; त्याला दुसरं काही सुचेना.

आमच्या भागात सात मुलांना गोवर झालाच, पण सातही बरी होऊन घरी आली. साथ तिथंच थांबली.

महिन्याभरानं मोठे साहेब मुंगीबाईला घेऊन स्वतः छापखान्यात आले. त्यांना ते पत्रक जिल्ह्यातल्या सगळ्या केंद्रांसाठी हवं होतं, फक्त आकडीची ओळ खाली ढकलून. छापखानेवाल्यानं हात पुसले. "साहेब, ओळ वर राहणार असेल तर छापतो. नसेल तर दुसरीकडे जा." साहेबांनी मुंगीबाईकडे पाहिलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. "राहू दे वर," साहेब म्हणाले.

आता जिल्ह्यातल्या नव्या नर्सना तीच शिकवते. परवा चाळीस जणी समोर बसल्या होत्या. एकीनं हात वर केला, "मॅडम, हे सगळं सांगितलं तर आया पळून नाही जाणार?"

"काही जातील," ती म्हणाली. "तुमचे पाय धड आहेत ना? त्यांच्या घरी जायचं."

गेल्या वर्षी आमच्या भागातली दोनशे तीन मुलं नऊ महिन्यांची झाली. दोनशे एकांनी लस घेतली. उरलेल्या दोन घरी ती दर महिन्याला जाते, सांगते, ऐकते आणि परत येते. मागच्या खेपेला त्यातल्या एका घरच्या आजोबांनी, जे आजवर दारातूनच बोलायचे, तिला आत बोलावून बसायला खुर्ची दिली. हे मला सांगायला ती केंद्राच्या पायऱ्या दोन-दोन करत चढून आली.