आहुखान्यातली आवळी

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते — आता लपवून तरी काय उरलं?

मी झटपट कामं उरकणारी बाई. ठरवायचं, करायचं, मोकळं व्हायचं. त्या दिवशीही तेच केलं.

दर कार्तिकात आमच्या घरच्या बायका आवळीभोजनाला आहुखान्यात जायच्या. तापीपलीकडची, मोगलांनी शिकारीसाठी राखलेली जागा. हरणं केव्हाच गेली. पडकी बारादरी, कोरडा हौद आणि भोवतीची झाडी उरली. त्या झाडीतल्या आवळीची पूजा करायची, मग तिच्याच सावलीत जेवायचं.

त्या वर्षी धाकटी जाऊ सुलभा सोबत होती. दीर जाऊन आठ महिने झाले होते. पहाटे उठून सगळ्यांच्या जेवणासाठी कणकेच्या बट्ट्या तिनंच केल्या. रिक्षात वरणाचा डबा मांडीवर सांडला, तेव्हा कितीतरी दिवसांनी हसली.

मी हळदीकुंकवाचं ताट काढलं आणि मनात आलं — विधवेचा हात पूजेला लागला तर कुणीतरी बोलेल. कोण बोलेल? तेवढाही विचार केला नाही. म्हटलं, "सुलभा, तू जरा बारादरी पाहून ये ना."

तिनं ताटाकडे पाहिलं. "हो ताई," म्हणाली, आणि झाडांतून चालू लागली.

तेवढ्यात चुलतसासूबाई म्हणाल्या, "अगं, सुलभा कुठे राहून गेली? आवाज दे तिला. बट्ट्या तिनं करायच्या अन् पूजेला आपण म्हाताऱ्या?"

ऐकलंत? कुणाचीच हरकत नव्हती. एक हाक मारायची होती — एकच. मी म्हणाले, "तीच नको म्हणाली, काकू."

मान वर केली, तर सुलभा हौदाशी उभी. पाण्याचा तांब्या तिच्याच हातात राहिला होता, तो द्यायला परतलेली.

"हो काकू," ती म्हणाली, "मीच नको म्हटलं."

मला वाचवलं तिनं. का? — विचारायची हिंमत झाली नाही.

महिन्याभरात ती शाहपूरला माहेरी गेली, ती कायमची. लग्नकार्याची बोलावणी गेली. ती आली नाही. मी सांगत राहिले — तिला माणसांत नको वाटतं. अकरा वर्षं सांगितलं.

या उन्हाळ्यात ती गेली. तेराव्याला चुलतसासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "पहिल्यापासून एकटीच राहायची पोर. आवळीच्या पूजेलाही नको म्हणाली होती. हो ना गं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणाले, आणि पुढच्या पानावर भात वाढला.